वसंतराव आणि रामदासराव

त्या आठवड्यात देवावरचा माझा विश्वास पार उडाला होता. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर हे व्हेंटिलेटरवर, त्यात ताप चढला आणि छातीच्या फोटोत डाग दिसला. आयसीयूतली डॉक्टर मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, हा जंतुसंसर्ग असेल, किंवा नुसता कफही अडकला असेल. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. दुर्बीण घालून बघते, तिथलाच नमुना तपासायला देते. उगाच जबर औषध दिलं, तर काकांच्या किडन्यांना झेपायचं नाही."

"मग काय, मुहूर्त बघताय?" मी फटकन म्हणाले. जन्म नारायण पेठेत गेला, जीभ कुठे ठेवणार! कशीबशी संमतीची सही करून बाहेर बाकावर येऊन बसले.

शेजारी वाघोलीच्या शेवंताबाई होत्या. मूळच्या विदर्भातल्या. त्यांचेही मालक आत, मशीनवरच.

"देवाकडे मागायला गेलं की भांडणच निघतं हो तोंडातून," मी म्हणाले.

"माह्यंबी तसंच हाय, ताई. अन् मालकाचं नाव तं घेता येत नाही. मंग देवाले कसं समजन, कोनासाठी मांगून राह्यली थे?" डब्यातली भाकर माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "तुमी माह्या मालकाचं नाव घ्या, मी तुमच्या मालकाचं घेते."

अशा वेळीही मला हसू आलं. मी तरी उखाण्याशिवाय ह्यांचं नाव कुठे घेतलंय? आम्ही एकमेकींना भेटीचे पास दाखवले, त्यांवर मालकांची नावं लिहिलेली होती. "रामदासरावांना सांभाळ रे," मी म्हणाले, आणि भांडण निघालंच नाही. शेजारून "वसंतराव, वसंतराव" ऐकू येत होतं. त्या नावावर माझा किती जीव आहे, ते तेव्हा कळलं.

डॉक्टर बाहेर आली. घट्ट कफ अडकला होता, तो काढताच ऑक्सिजन सुधारला. पुढे नमुन्यात जंतू निघाले नाहीत, तापही उतरला. जबर औषध लागलंच नाही. कृपा म्हणा नाहीतर त्या पोरीची हुशारी म्हणा, मी दोन्हीला हात जोडले.

आम्ही घरी आलो, पण रामदासराव आतच होते. रोज दिव्यापुढे त्यांचं नाव घ्यायचे. ह्यांच्यासाठी मागताना मी देवाला शंभर अटी घालत असे. इथे घालायला अटच नव्हती. शरण जाणं म्हणतात ते हेच असावं.

काल सकाळी शेवंताबाईंचा फोन आला. "ताई, मशीन काहाडली! आज त्यायनं पेज खाल्ली!"

ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी मी स्वयंपाकघरात बसकण मारून मोठ्याने रडले. हे घाबरून धावत आले. "अगं, कोण गेलं?"

"गेलं नाही हो कुणी," मी म्हणाले. "परत आले."