शोधूनही न सापडलेला एल्डन

एल्डन स्टाउफरची दर रविवारी चर्चपेक्षा पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींवर जास्त श्रद्धा असे. चर्चमध्ये देव कधी उत्तर देत नसे. जाहिराती देणाऱ्यांपैकी काही जण हटकून देत.

ल्युसर्न क्रीकमधला जुना चीजचा कारखाना बंद पडला तेव्हा तो पन्नाशी ओलांडून बसला होता. त्याने वर्षभर अर्ज केले, पण कुत्रंही विचारेना. बायको आर्लीन बहिणीकडे ॲरिझोनाला गेली ती तिथल्या उन्हाला सोकावली आणि विस्कॉन्सिनच्या थंडीत परतलीच नाही. घरात राहिला वॉल्टर. तो खरोखरचा कुत्रा होता आणि तो मात्र विचारत असे.

मग एका रविवारी एल्डनने चिडून मॅडिसनच्या एका कंपनीकडे अर्ज ठोकला. त्यांना हवा होता संगणकातला कोणी महापंडित. एल्डनच्या घरी संगणकच नव्हता. तरी फोन आला! टायवाली तीन माणसं समोर बसली, त्यांनी कॉफी पाजली, त्याचं सगळं आयुष्य ऐकून घेतलं आणि ‘तुमच्याकडे पदवी नाही’ हे इतक्या अदबीनं सांगितलं की एल्डन घरी येताना शीळ घालत आला.

त्यातली गोम त्याला पुढे कळली. परदेशातून आलेल्या माणसाला कायमचं ठेवून घ्यायचं तर कंपनीला आधी सरकारला पटवावं लागतं, की या जागेला लायक आणि राजी असा देशातला माणूस आम्हाला शोधूनही सापडला नाही. म्हणून ती जागा दोन रविवार पेपरात छापायची. छापायची आणि कुणी येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. कुणी टपकलाच तर त्याला नीट बोलवायचं, ऐकायचं आणि कायद्यात बसणारं कारण देऊन वाटेला लावायचं. साखरपुडा झालेल्या मुलीला स्थळं दाखवण्यातलाच प्रकार!

एल्डन या सोहळ्यांचा कायमचा पाहुणा झाला. टाय तोच आणि उत्साहही तोच.

“मग, या आठवड्यात कुणी नाकारलं तुला?” ग्रासिएला दर गुरुवारी दारूच्या गुत्त्यात पत्ते पिसता पिसता विचारायची. ती उरुग्वेची. पाच वर्षांपूर्वी तात्पुरत्या परवान्यावर होफर यांच्या चीज कारखान्यात आली आणि पत्त्यांच्या डावात एल्डनची जोडीदार झाली.

“विम्याच्या कंपनीने. डोनट मात्र ताजा होता.”

“लाज नाही तुला, म्हाताऱ्या. आता पान टाक. आणि भुवया नको उडवूस, जोडीदाराला खूण करायची नसते.”

ऑक्टोबरात एका रविवारी जाहिरात आली ती होफर यांचीच. चीज बनवणारा पाहिजे. दुग्धशास्त्राची पदवी, किंवा तेवढाच अनुभव.

त्या ‘किंवा’वर एल्डन फिदा झाला. तीस वर्षं चीजच्या कढईपाशी काढलेला माणूस तो. इतरांच्या जाहिरातीतला बनाव त्याला लांबून कळे, पण हवी ती वस्तू समोर दिसली की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. आणि ग्रासिएला परदेशी आहे हे तर तो केव्हाच विसरला होता. तिला तो गावचीच धरत होता.

“होफरकडे जागा निघालीय!” गुरुवारी त्याने तिला सांगितलं. “पदवी नको म्हणतायत. अर्ज देऊन आलो.”

ग्रासिएलाने भलतंच पान टाकलं.

ती जागा तिची होती. परवान्याची मुदत संपत आली होती, आणि त्याआधी कायमच्या मंजुरीची फाइल वॉशिंग्टनला गेली नाही तर तिला बॅग भरून उरुग्वे गाठायचं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण होफरच्या वकीलबाईंनी सक्त ताकीद दिली होती, की आलेल्या अर्जदाराला कुणी परतवायला गेलं तर फाइल बाद. त्यामुळे गावाने तोंडाला कुलूप लावलं. ल्युसर्न क्रीकच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

मुलाखतीला मालक ड्वेन होफर घामाघूम होऊन बसला होता. शेजारी वकीलबाई. एल्डन फटाफट उत्तरं देत होता आणि प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर ड्वेनचा चेहरा उतरत होता. उत्तरं बरोबर आल्याने मालकाचं तोंड पडतं हे एल्डन नवीनच बघत होता. त्याने ड्वेनच्या नजरेमागे नजर नेली. काचेपलीकडे पांढरे गमबूट घातलेली ग्रासिएला कढईत फावडं चालवत होती, आणि मुद्दाम पाठ करून उभी होती.

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“ड्वेन, ही जागा कुणाची रे?”

“ते सांगता येत नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

“बरं. मी लायक ठरलो तर मला घ्याल?”

“तसं बंधन नाही.”

“मग काय होतं?”

“फाइल थांबते.”

“म्हणजे नोकरी मलाही नाही आणि तिलाही नाही?”

“‘ती’ कोण, हे मी बोललेले नाही.”

“हा कायदा गाढवाने केला की समितीने?”

“समितीने,” ड्वेन म्हणाला.

वकीलबाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. “काम पहाटे चारला सुरू होतं. तुमची तयारी आहे?”

एल्डन जन्मभर तीनला उठत आला होता. रोज पहाटे तो वॉल्टरला घेऊन या कारखान्यावरून जाई आणि आतून ड्वेन त्याला हात करी. काचेखालच्या फटीतून कोमट दुधाचा वास येत होता. त्याला ती नोकरी हवी होती. दहा वर्षांत त्याला दुसरं काहीही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

“छे! नऊच्या आत मी उठत नाही.”

“नऊ?”

“साडेनऊ म्हणा. थंडीत दहा.”

ड्वेन आपल्या बुटांकडे बघत राहिला. वकीलबाईंनी लिहून घेतलं.

फाइल गेली. आता निकाल लागेपर्यंत ग्रासिएलाला राहता येणार होतं. पण वॉशिंग्टनातून उद्या कुणी चौकशीला आलं तर? सरकारचा काय नेम! खोटं बोलून तर झालंच होतं, निदान ते निभवावं म्हणून एल्डन नवापर्यंत अंथरुणात पडून राहू लागला. तीनला डोळे टक्क उघडत. चारला दुधाचा टँकर जाई. वॉल्टरने कुणाला काही कबूल केलेलं नव्हतं, तो खिडकीशी उभा राहून कुरकुर करी. पलंग खिडकीला लागूनच होता. सगळं गाव कामाला लागलेलं आणि आपण आजाऱ्यासारखे पडलेलो, याची एल्डनला भयंकर चीड यायची. गुरुवारी मात्र तो हसत पत्ते कुटायचा आणि ग्रासिएलाही त्यावर अवाक्षर काढायची नाही. वर्ष उलटलं तरी फाइल काही हलेना.

अशात सरकारला सुधारणेची उबळ आली. ही मंजुरीची पद्धत कशी बदलावी, ते लोकांना विचारायला एक अधिकारी जिल्ह्याच्या गावी आला. सभा नऊची होती. एल्डन तत्त्व म्हणून साडेदहाला गेला. कुणी म्हणालं, टंचाईच्या कामांची यादी करा आणि जाहिराती बंद करा. कामगार संघटनेचा माणूस म्हणाला, उलट जाहिरात खरी करा, आमच्या पोरांच्या तोंडाला पानं पुसू नका. वकिलांनी तक्ते दाखवले. मग एल्डन उठला.

“आपला या प्रक्रियेशी संबंध?” अधिकाऱ्याने विचारलं.

“शोधूनही सापडत नाही म्हणून तुम्ही लिहून घेता ना, तो देशातला माणूस मी.”

सभा खदखदून हसली.

“सूचना?”

“खरी जाहिरात असेल तर माणूस घ्या. खोटी असेल तर निदान कॉफी बरी द्या. आणि काय ठरवायचं ते लवकर ठरवा हो. मला पहाटे उठायचंय.”

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारलं. मागच्या रांगेतले ल्युसर्न क्रीकवाले तेवढे हसायचे थांबले होते.

फेब्रुवारीत मंजुरी आली. एल्डनच्या भाषणामुळे नव्हे, सरकारला एवढे कान असते तर काय हवं होतं! दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ तुडवत एल्डन आणि वॉल्टर कारखान्यापाशी पोचले, तर ग्रासिएला मागच्या पायरीवर थर्मास घेऊन बसलेली. तिने सरकून जागा केली आणि तिचा तो कडू उरुग्वेचा चहा त्याच्या हातात दिला.

“काय म्हाताऱ्या, झोप झाली का पोटभर?”

“कसली झोप! तीननंतर एकही दिवस डोळा लागला नाही.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “रोज कामावर येताना तुझ्या खिडकीत वॉल्टर दिसायचा. आणि त्याच्या डोक्यावर तुझा हात.”