अक्कांचा कॉम्प्युटर कुठला?

परवा खंडेनवमीला सकाळी सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या अक्का उतरल्या. एका हातात शेवंतीची फुलं, दुसऱ्या हातात हळद-कुंकवाची डबी. मला वाटलं, कुणाकडे तरी निघाल्यात आणि वाटेत डोकावल्या... तर त्या माझ्याकडेच आल्या होत्या.

माझा छंद तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. टीव्हीला जोडायचे आणि कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचे ते पहिल्या जमान्यातले स्वस्तातले घरगुती कॉम्प्युटर... जे तेव्हाही कुणाला फारसे आवडले नाहीत आणि आता भंगारवालासुद्धा नाक मुरडतो, ते मी गोळा करते. शेजारी शेजारी मांडायचे, कुणाची बटणं जास्त भिकार, कुणाचं चित्र जास्त थरथरतं ते बघायचं आणि इथे टाकायचं. नवरा मला भंगारवाली म्हणतो, म्हणू दे.

अक्कांचा कॉम्प्युटर मला उन्हाळ्यात मिळाला. त्यांच्या यजमानांचा चादरीचा छोटा कारखाना होता. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावा लागायचा, ते काम टीव्हीवर करू म्हणून त्यांनी तो हौसेनं आणलेला. लाइट गेली की मोर गायब... तरी पुन्हा पहिल्यापासून बसायचे म्हणे.

यजमान गेल्यावर अक्कांनी तो माझ्या हवाली केला. एवढंच म्हणाल्या, "नीट ठेवा की मॅडम, त्यांचा लई जीव होता त्याच्यावर."

आता, अगदी त्याच मॉडेलचा एक माझ्याकडे आधीच होता. त्याची बटणं मेलेली, पण चित्र यायचं. अक्कांच्याची बटणं ठणठणीत, पण चित्र नाही. मग काय... दोन्ही उघडले, इकडची बटणं तिकडे बसवली, एक मस्त चालू झाला!

दोघांची झाकणं पिवळी पडली होती. नणंदेच्या पार्लरमधून केस ब्लीच करायची क्रीम आणली, दोन्हीला फासली आणि गच्चीवर ठेवली. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन, आणखी काय पाहिजे? संध्याकाळपर्यंत झाकणं पांढरीशुभ्र.

मग माझी ती पोस्ट आली... आधीचे फोटो, नंतरचे फोटो. आधीच्या एका फोटोत डाव्या कोपऱ्यातल्या डागाला बाण काढून मी लिहिलं होतं, 'एवढा मळ! घरात फडकं नव्हतं का कुणाच्या?' तुम्ही पोट धरून हसलात. मीही हसले.

तर परवा अक्का आत आल्या, टेकल्या. दरवर्षी खंडेनवमीला मागांची पूजा झाली की यजमान कॉम्प्युटरचीही करायचे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आता कारखाना बंद, यजमान नाहीत... म्हणून त्या इथे आल्या होत्या. डबी उघडता उघडता थांबल्या आणि हळूच विचारलं, "मी लावलेलं चालतंय न्हवं?"

मी म्हटलं, "चालतं म्हणजे काय अक्का, लावा की!" आणि त्यांना घाईघाईनं टेबलापाशी नेलं.

टेबलावर दोघे शेजारी शेजारी. दोन्ही पांढरे, दोन्ही सारखे. अक्कांनी विचारलं, "आमचा कुठला ओ?"

मला माहीत नव्हतं... खरंच माहीत नव्हतं. कुठलं झाकण कुणावर बसवलं, मी बघितलंच नव्हतं. तिथेच सांगून टाकायला हवं होतं, पण मी बेधडक डावीकडच्याकडे बोट दाखवलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान उपटणारी मी!

अक्कांनी चष्मा लावला. वाकून त्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, "हितं कुंकू असायचं. ते दरवर्षी हितंच लावायचे, पुसू द्यायचे न्हाईत कुणाला." मग उजवीकडच्याचाही कोपरा चाचपला. तिथेही काही नव्हतं.

मला एकदम तो बाण आठवला... तो मळ. आणि तरीही माझ्या तोंडून काय निघावं? "उन्हानं उडालं असेल, अक्का."

हे दुसरं खोटं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. डबीत बोट बुडवून आधी डावीकडच्याला हळद-कुंकू लावलं, मग उजवीकडच्याला. दोघांवर एकेक फूल ठेवलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "दोन्हीला लावते की मॅडम. कुठनं तरी पोचंल त्यांना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाल्या, रिक्षा खाली थांबवलेली. मी जिन्यापर्यंत गेले, 'सावकाश उतरा' एवढंच म्हटलं.

त्या गेल्यावर मी त्या दोघांसमोर बसून राहिले. मग डोक्यात प्रकाश पडला... अक्कांची बटणं एकात आहेत, आतलं बाकी सगळं दुसऱ्यात, आणि झाकण कुठल्यावर ते ठाऊकच नाही. माझं बोट कुठंही गेलं असतं तरी खोटंच ठरलं असतं, आणि त्यांनी दोन्हीला लावलं तेच बरोबर होतं. 'नीट ठेवा' एवढंच मागितलं होतं त्या बाईनं, आणि मी तो उघडून दोघांत वाटून टाकला.

आज संध्याकाळी अक्कांकडे जाणार आहे, सगळं तोंडानं सांगणार आहे. इथे लिहिणं सोपं, त्या हे कधी वाचणार नाहीत. तिथे मान वर होईल की नाही, देव जाणे.

ती जुनी पोस्ट मी काढलेली नाही. ज्यांनी हसून शेअर केली त्यांनी तो फोटो एकदा मोठा करून बघा. बाणाच्या टोकाशी थोडं लाल, थोडं पिवळं दिसतंय... ते अक्कांच्या यजमानांनी लावलेलं हळद-कुंकू आहे.