अंगठ्याखालचा आकडा

आमच्या दौंडात कुणाचं पोट किती सुटलंय हे झाकून ठेवणं एका माणसामुळं अशक्य होतं. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर बसणारे हे शिंपी मिशनच्या वस्तीत राहायचे आणि सगळं गाव त्यांना टेलरमामा म्हणायचं. माप घेताना ते आकडा असा पुकारायचे, की फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यालाही कळावा. छाती, कंबर, गळा, सगळं जाहीर. गुळाचे एक व्यापारी शेठ माप द्यायला आले की पोट आत ओढून, श्वास रोखून उभे राहायचे. मामा टेप गळ्यात तशीच ठेवून घरची ख्यालीखुशाली विचारत बसायचे. शेठचा दम सुटला की टेप पोटावर. "आता कसं! शर्ट काय दम धरून घालनार हाय व्हय, शेठ?" एका लग्नाळू मुलाची छाती 'तीस' अशी ऐकू आली, तेव्हा त्याला बघायला आलेले मुलीचे चुलते समोरच्या हॉटेलात चहा अर्धा टाकून पाटसच्या गाडीत बसले म्हणतात.

रविवारी चर्चमध्येही त्यांची नजर पाळकांच्या पाठीवर. एकदा प्रार्थनेच्या शांततेत ते 'साडेसतरा' म्हणाले आणि शेजारच्या म्हातारीनं भक्तिभावानं 'आमेन' म्हटलं. मापासाठी जुना शर्ट आणलेला त्यांना खपायचा नाही. "त्याला काय इचारायचं? त्यो शिवला तवाचं तुमी कुठं ऱ्हायलाय?" आणि आकडा पुकारला की टेपवर त्या खुणेशी अंगठा दाबून ते गिऱ्हाइकाला खाली बघायला लावायचे. "तुमच्या डोळ्यानं बघा. मागनं म्हनू नका, मामानं फसवलं."

अशा माणसाला मी खोटं बोलायला लावलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझे वडील, आप्पा, रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते; मी गावातल्याच शाळेत मास्तर. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते मी घरात बोललोच नाही. आप्पा खंगत चालले होते. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखे अंगावर लोंबायचे. मी म्हणायचो, धुऊन धुऊन कापड सैल पडलंय, नवा शिवू या. कापड आणलं आणि आदल्या दिवशी एकटाच मामांकडं गेलो.

"आकडा जुनाच पुकारा. शिवा मात्र अंगाबरोबर."

मामा कितीतरी वेळ हातावरचा खडू पुसत बसले. "मास्तर, मला जमंल का वो ह्ये?"

"एवढं एकदाच, मामा."

दुसऱ्या दिवशी आप्पा हात पसरून उभे राहिले. मामांनी छातीभोवती टेप फिरवली आणि नेहमीपेक्षाही मोठ्यानं ओरडले, "अडतीस!"

"आप्पा, पैलवान हाय की अजून!" हॉटेलातनं कुणीतरी म्हणालं.

पण हाताची जन्माची सवय. अंगठा आपोआप टेपवर दाबला गेला होता, तेहेतिसावर. आप्पांनी खाली पाहिलं. मग मामांकडं. मग माझ्याकडं. मामांचा अंगठा तिथून हलला नाही.

"अडतीस," आप्पा म्हणाले. "बराबर हाय." मग त्यांनी स्वतःच्या हातानं टेप सोडवली. "आता ह्याचं माप घे. ह्या कापडात ह्यालाच शिव."

मामांनी माझं माप घेतलं. काय पुकारलं ते मला आठवत नाही.

घरी जाताना रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी अजून दिसत नव्हती. बोलायला हवा तेवढा वेळ होता.

"डाक्टर काय म्हनला रं?" आप्पांनी विचारलं.

"कुठं काय? उन्हात उभं राहू नका, सावलीला या."

ते सावलीला आले. पुन्हा विचारलं नाही. दिवाळीच्या आधी गेले.

पुढं मी शिरूरच्या शाळेत बदली मागून घेतली. लोकांना सांगायला कारणं पुष्कळ होती. खरं एकच, मला टेलरमामांचं दुकान ओलांडून जायला नको होतं. तयार कपडे घालू लागलो. सुटीत दौंडला आलो की कधीतरी रस्त्यात गाठ पडायचीच. मामा थांबायचे, माझ्या दंडावर उतरलेली शर्टाची शिवण दोन बोटांनी खांद्यावर सरकवायचे आणि चालू लागायचे. मी मात्र तिथंच उभा राहायचो, ते वळून आप्पांचं काहीतरी विचारतील म्हणून.