करीम सेंटर हाफ आणि मलकापूरचं स्थळ

आमच्या शेजारचा करीम नालबंद चौदा वर्षं फुटबॉल खेळला आणि चौदा वर्षांत त्याच्या नावावर गोल किती? तीन. त्यातला एक आपल्याच खांबांत. तरीही पेठेचा संघ निवडायला माणसं बसली की पहिलं नाव करीमचंच यायचं आणि भांडणं उरलेल्या दहांवरून व्हायची.

दिवसभर तो बाजाराच्या कडेला बैल आडवा पाडून त्याच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचा. बापाचाच धंदा. जनावरांना लोखंड घालणारा हा गडी स्वतः मात्र अनवाणी खेळायचा. अर्थात सगळेच तसे खेळायचे. शाहू महाराजांच्या राज्यात तालमी गल्लोगल्ली होत्या, पण फुटबॉल नवा होता, आणि निम्मी पेठ तो कुस्तीच्याच डोळ्यांनी बघायची. कोण कुणाच्या छातीवर बसला, एवढंच त्यांना कळायचं. गोल मारणाऱ्याला फेटा, आणि बाकीचे जणू त्याचे कपडे सांभाळायला आलेले!

करीमची जागा मैदानाच्या मधोमध. सेंटर हाफ. मागच्यांनी अडवायचं, पुढच्यांनी मारायचं, आणि या दोघांच्या मधलं सगळं करीमने निस्तरायचं. चेंडू पायात आला की तो मान वर करायचा, कोण मोकळा आहे ते बघायचा आणि त्याला देऊन टाकायचा. झालं काम. टाळ्या दुसऱ्याला.

बाविसाव्या वर्षी त्याच्यासाठी मलकापूरचं स्थळ आलं. रत्नागिरीच्या रस्त्यावर घाट चढणाऱ्या गाड्यांच्या बैलांना पत्र्या मारणारे शमशुद्दीन चाचा, त्यांची मुलगी ताजबी. करीमने तिला शाहूवाडीच्या एका लग्नात ओझरतं पाहिलं होतं. तेव्हापासून तो काम करताना गुणगुणायला लागला होता आणि आडवे पाडलेले बैल घाबरून आणखीच लाथा झाडत होते. हे लग्न मोडलं असतं तर गडी कायमचा मुका झाला असता, इतकं नक्की.

त्याची आई अमीरबी मला म्हणाली, "भाऊजी, चार शब्द बरं बोला पोराबद्दल."

मी चाराऐवजी चाळीस बोललो. चाचा आले तेव्हा त्यांना सांगून टाकलं, "चाचा, पोरगं म्हंजे वाघ! सगळा सामना एकटं जिंकतंय."

"असं? मग बघूनच जातो की," चाचा म्हणाले. "परवा रविवार हाय न्हवं?"

आली का पंचाईत!

रविवारी माळावर चाचांना मी पुढंच बसवलं. नालबंदाची नजर पहिल्यांदा पायांवर जाते. करीम मैदानात आला तसं ते खूश होऊन म्हणाले, "पाय झकास हाईत. खूरबी रुंद."

"चाचा, पंजा म्हना."

"त्येच त्ये."

खेळ सुरू झाला. करीमकडे चेंडू आला. त्याने डावीकडे दिला. पुन्हा आला, उजवीकडे दिला. चाचांच्या कपाळावर एकेक आठी चढत चालली. तेवढ्यात करीमने चेंडू म्हशीवाल्या जोतीरामच्या पुढ्यात टाकला आणि जोतीरामने गोल ठोकला. लोकांनी जोतीरामला खांद्यावरच घेतलं.

"गोल कुनी केला?" चाचांनी विचारलं.

"जोतीरामनं. पर चेंडू करीमनं दिलता."

"त्येच म्हंतोय मी! पायात आल्यालं सगळं दुसऱ्याला वाटत सुटलंय. उद्या माझ्या पोरीनं रस्सा केला, तर ह्यो पातेलं उचलून शेजाऱ्याला द्यायचा!"

शेजारी म्हणजे मीच, त्यामुळे मला ते ऐकायला तितकंसं वाईट वाटलं नाही. पण चाचा उठून उभे राहिले. "अमीरबीला सांगा, हे न्हाय जमायचं."

मी हातापाया पडून त्यांना उरलेल्या अर्ध्या डावासाठी बसवलं आणि मधल्या सुट्टीत करीमकडे धावलो. तो गूळ-शेंगा खात होता.

"करीम, लेका, सासरा उठून चाललाय. तुझ्या पायाचा गोल पायजे."

त्याच्या घशात शेंगदाणा अडकला. "काका, माझं काम द्यायचं हाय, मारायचं न्हाय."

"मग ताजबी बी न्हाय."

इथे माझी चूक झाली, कबूल आहे.

डाव पुन्हा सुरू झाला आणि करीमने चेंडू पायाशी धरला तो सोडेचना. एकटाच सुटला! तीन जणांनी घेरलं, चेंडू गेला. पुन्हा मिळाला, पुन्हा एकटाच पळाला, पुन्हा गेला, आणि या वेळी समोरच्यांनी तो थेट आमच्या खांबांत घातला. एक-एक!

"करीम! येड लागलं का रं?" आमचा कप्तान सयाजी ओरडला.

"अय पत्रीवाल्या," मागून कुणीतरी हाणलं, "चेंडू काय रुखवतात मांडायचाय व्हय?"

बिचारा घामाने निथळत होता. सामना जातोय आणि बायकोही जातेय, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी चाचांकडे बघायचंच टाळत होतो. बघितलं तर ते जागेवर नव्हते! बसल्या बसल्या सरकत पार रेषेपर्यंत गेले होते. शंभर बैलांत लंगडणारा एक हेरणारी ती नजर आता माळभर फिरत होती.

"त्यो म्हशीवाला मोकळा हाय की," ते पुटपुटले. "एक मानूस न्हाय त्याच्याजवळ."

करीम चेंडू घेऊन पुन्हा घुसला. चौघे अंगावर आले. आणि चाचा ताडकन उठले, हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडले:

"अरं जावई, दे की त्येला! दे!"

जावई? सगळा माळ वळून चाचांकडे बघायला लागला. करीम थबकला, मान वर केली आणि चौघांच्या मधून चेंडू सरळ जोतीरामकडे सोडला. गोल! समोरच्या पेठेची माणसंसुद्धा हसत होती.

चाचा कुणाला तरी खडसावत होते, "गोल ह्येनं मारला, पर केला त्येनं! दिसत न्हाय तुमास्नी?" जसा काही हा खेळ मलकापुरातच निघाला!

मी हळूच विचारलं, "चाचा, मग अमीरबी भाभीला काय सांगू? न्हाय जमायचं म्हनून?"

"कोन म्हनलं असं?"

"तुमीच की!"

"डाव संपायच्या आधी बोलल्यालं धरत्यात व्हय?" चाचा गुरगुरले. "साखर घेऊन या म्हनावं. पर निकाह रविवारी ठेवायचा न्हाय. मला सामन्याला यायला लागतंय."

निकाह सोमवारी ठरला. आदल्याच दिवशी सामन्यात करीमच्या गुडघ्यावर कुणीतरी लाथ घातली आणि नवरदेवाला सयाजी आणि जोतीरामने उचलून मांडवात आणलं. चाचांनी सेहऱ्याकडे बघितलंही नाही. गुडघा मांडीवर घेऊन बैलाचा पाय तपासावा तसा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला, हळदीचा लेप मागवला आणि वर मान करून म्हणाले,

"काजीसाहेब, वाईच थांबा. पुढल्या रविवारी गडी हुबा ऱ्हायला पायजे."