घोडागाडीमागची स्वेटरवाली

आम्ही ड्रेस्डेनला राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी सासरे तीन महिन्यांसाठी आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी कोल्हापुरातच थांबल्या होत्या. सासरे गणिताचे शिक्षक. निवृत्त झाले तरी पेपर तपासायची नजर काही सुटली नव्हती. आमटीत गूळ कमी, पडदा एका बाजूला आखूड, माझ्या मराठीत ‘तर’ऐवजी जर्मन ‘आल्झो’ फार. नवरा कारखान्यात शिफ्टला जायचा आणि मी घरून काम करायचे, त्यामुळे हे सगळं मीच ऐकायचे.

खालच्या मजल्यावर एक जर्मन आजोबा एकटेच राहायचे. त्यांना जुन्या काउबॉय सिनेमांचा भारी नाद. जिन्यात ओळख झाली, त्यांनी सासऱ्यांना कॉफीला बोलावलं, आणि मग रोज दुपारी सासरे तिकडेच. सुरुवातीला दुभाषी म्हणून मीही जायचे. सासऱ्यांना तिथे हवं ते काम मिळालं: सिनेमातल्या चुका काढायचं.

“अगं, याच्या मनगटावर घड्याळ बघ! आणि त्याची टोपी मघाशी नदीत पडली ना? परत डोक्यावर कशी?”

मी हे जर्मनमध्ये सांगितलं की आजोबा मांडीवर थाप मारून म्हणायचे, “गेनाऊ!” म्हणजे अगदी बरोबर. पुढेपुढे माझी गरज उरली नाही. सासरे मनगटावर नुसतं बोट टेकवायचे आणि दोघं हसत सुटायचे.

एका रविवारी आजोबांनी खास डीव्हीडी काढली आणि मलाही बोलावलं. पूर्व जर्मनीच्या काळातला, काटकसरीत उरकलेला सिनेमा. खडीच्या खाणीत वाळवंट उभं केलेलं. गोळीबारात एक दाढीवाला पडला. थोड्या वेळाने तोच घोड्यावरून दौडत आला.

“अहो, हा मेला होता ना!” सासरे ओरडले.

आजोबांनी उठून, कमरेत वाकून नमस्कार केला. “तो मीच! माणसं कमी होती. सकाळी मेलो, दुपारी परत घोड्यावर बसलो.”

हसून झाल्यावर तोच प्रसंग पुन्हा लावला. या वेळी सासऱ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. “थांबव जरा. त्या घोडागाडीच्या मागे बघ. निळा स्वेटर, चष्मा, हातात थर्मास. ही कोण मध्येच?”

एक मुलगी कडेला क्षणभर दिसत होती. कुणाकडे तरी बघून हसली आणि पटकन मागे सरकली.

मी आजोबांना दाखवलं. ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन खाली बसले.

“ती कपडेपटात होती,” ते म्हणाले. “आमची ओळख तिथेच झाली.” त्यांची बायको आदल्या हिवाळ्यात गेली होती. “इतक्यांदा पाहिला हा सिनेमा. पण मी प्रत्येक वेळी स्वतःलाच शोधत होतो. तिचे फोटो आहेत, पण अशी हलताना, हसताना कुठेच नाही.”

मी ते सासऱ्यांना मराठीत सांगितलं. ते गुडघे धरत खाली, आजोबांच्या शेजारी बसले आणि रिमोट घेऊन तो प्रसंग मागे नेला. मग पुन्हा एकदा.

पुढच्या शनिवारी आजोबांची मुलगी तो प्रसंग बघायला हॅनोव्हरहून आली. “हा स्वेटर मी शाळेत घालून जायचे,” एवढंच ती म्हणाली आणि वडिलांचा हात धरून पाहत राहिली. निघताना तिने सासऱ्यांचे आभार मानत “डांके” म्हटलं.

“काय म्हणायचं असतं गं आपण?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“बिट्टे.”

“बिट्टे,” सासरे म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.