आठपाया म्हणायचं

१९९६ सालची ही गोष्ट. मनूवन्सं जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. ह्यांचं चालणं पुष्कळ सुधारलं, शब्द मात्र सुधारले नाहीत. पाणी हवं असलं की 'खिडकी' म्हणायचे. खिडकी लावायची असली की नुसतं बोट दाखवायचे.

आमचं घर अलिबागच्या पुढे, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. भिंती जांभ्याच्या. जांभा घराला थंड ठेवतो, पण त्याला भोकं फार, आणि त्या भोकांत कोळी राहायचे. कोपऱ्यात जाळं विणणारे बारीक कोळी नव्हेत. हे काळे, केसाळ, मुठीएवढे. दिवसभर भोकात दबा धरून बसायचे आणि कधी तरी बाहेर पडायचे. एकदा ह्यांना चावला तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता, चार दिवस ताप. माणूस निभावून नेतो. मांजराचं काय, ते आम्हाला तपकीर गेली तेव्हा कळलं.

तपकीर वन्संची मांजर. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लहान वयात कपाळ पांढरं झालं आणि माहेरी आल्या, त्या कायमच्या. रोज सकाळी जानकी कोळीण मासळीची पाटी घेऊन यायची. आम्ही कुणीतरी 'कोळीण आली' म्हणायचो, आणि तपकीर असेल तिथून उडी मारून दारात हजर. वन्सं कौतुकानं सांगायच्या, "आमच्या मांजराला मराठी येतं." मग एका संध्याकाळी वन्संना देवघराच्या भिंतीवर तो दिसला आणि त्या घाबरून ओरडल्या, "कोळी, कोळी!" तपकिरीनं तेवढंच ऐकलं. धावत आली, आणि मासळी शोधायला नाक नेमकं तिथे घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गेली. वन्संनी त्या दिवशी घरात नियम केला. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, तसं कोळ्याला कोळी म्हणायचं नाही. आठपाया म्हणायचं. तपकिरीचं एकच पिल्लू मागे राहिलं होतं, बुंदी. तीही आईसारखीच 'कोळी' म्हटलं की धावायची. जाताना वन्संनी माझा हात धरून सांगितलं ते एवढंच, की बुंदीला सांभाळ. भावाला सांभाळ असंही म्हणाल्या नाहीत. भाऊ तेव्हा धडधाकट होता.

आणि मी सांगते आहे त्या आठवड्यात आठपाया पुन्हा दिसला होता. कपाटामागे, दोनदा.

दुपारची जेवणं झाली आहेत. मी पडवीतल्या खाटेवर आडवी झाले आहे. खाट भिंतीपासून हातभर लांब ओढली आहे, चादर जमिनीला टेकू दिलेली नाही. बुंदीला पोटाशी घेतलं आहे, वरून पदर. आतल्या खोलीत ह्यांच्या चपला फरफटत फिरताहेत. बुंदी घुरघुरते आहे, समुद्रही तसाच काहीसा आवाज करतो आहे, आणि मला कुठला आवाज कुठला ते सांगता येत नाही. डोळा लागला की नाही कळत नाही. वन्सं विळीवर बसलेल्या आहेत.

"झोपलीस काय गं, शरयू?"

"नाही वन्सं. नुसती पडलेय."

"नुसती पडलेली बाई घोरते कशी मग?"

त्या मांदेली साफ करताहेत. साफ केलेली मांदेली पातेल्यात टाकतात आणि ती परत टोपलीत दिसतात. वन्संना त्याचं काही वाटत नाही. त्या वारल्या आहेत हे मला माहीत आहे, पण जेवणाच्या वेळी आलेल्या माणसाला 'का आलात' असं विचारू नये, म्हणून मी तो विषय काढत नाही.

"भोकं बुजवलीस का?"

"बुजवली. आधी मातीनं, मग सिमेंटनं."

"सिमेंटनं थांबतो होय तो? तो घराच्या आधीपासूनचा आहे. आपण त्याच्या भिंतीत राहायला आलो."

"लाकडं पडवीतून हलवली. पोती जाळली. रोज कडुनिंबाची धुरी देते. कपाट झाडते."

"कपाटामागे?"

शिसवी कपाट. चार माणसं लागतात ते हलवायला. घरात आम्ही दोघं, त्यात ह्यांचा एक हात निकामी.

"गजाला सांग ना."

"ह्यांना काय सांगू वन्सं? परवा मला 'मास्तर' म्हणाले."

वन्सं हसतात. हसताना त्यांचा पदर तोंडावर जातो, तसाच, पूर्वीसारखा. "बरोबरच आहे. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून शिकवतेयसच त्याला. आता म्हणाला."

मीही हसते. हसता हसता मान वळवते, तर आम्ही गुरांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या आहोत. शेजारी एक शेळी आहे, तीही बाकावर, पाय खाली सोडून. तिच्यापुढे कुणीच नाही, तरी आमचा नंबर लागत नाही. वन्संच्या मांडीवर जुन्या लुगड्याचं गाठोडं आहे. त्यात काय आहे ते मला माहीत आहे. त्या सकाळी आम्ही दोघी एस.टी.नं तसंच घेऊन गेलो होतो.

डॉक्टर आतून विचारतात, "नाव?"

"तपकीर," वन्सं म्हणतात.

"आडनाव?"

"आमचंच लावा. जन्मभर आमच्याकडे जेवली."

डॉक्टर काही लिहीत नाहीत. पेन नुसतं हातात धरून बसले आहेत. "मांजराचं औषध नसतं हो आमच्याकडे. गाय असती तर बघितलं असतं."

त्या वेळीही ते असंच म्हणाले होते. वाईट माणूस नव्हता. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. वन्सं तेव्हा काही बोलल्या नव्हत्या, आता बोलतात.

"गाय म्हणून बघा मग."

डॉक्टर जागचे उठतात आणि दार लावून घेतात. शेळीही निघून गेली आहे. वन्सं गाठोड्याची गाठ सोडतात. आत काही नाही. फक्त मांजर वेटोळं करून निजल्यावर कापडाला जो खळगा पडतो, तेवढा खळगा आहे. त्या त्यात हात फिरवतात.

"वन्सं," मी हळूच विचारते, "तिथे भेटली असेल ना ती तुम्हाला?"

हे मला खूप दिवस विचारायचं होतं. वन्सं गेल्या त्या रात्री माझं रडणं थांबलं ते याच एका विचारानं, की तपकीर दारात बसलेली असेल.

"नाही गं."

"म्हणजे अजून नाही?"

"मांजरं नाहीतच तिथे. पहिल्या दिवसापासून हाका मारतेय."

"मग आता काय करता?"

"हाका मारते. दुसरं काय करणार?"

बाक ओला लागतो. बघते तर पायाखाली वाळू आहे, भरतीचं पाणी बाकाच्या पायांभोवती येऊन परत जातं आहे. दवाखान्याच्या भिंती केव्हा गेल्या कळलं नाही. बुंदी माझ्या कुशीत आहे, गरम. वन्सं तिच्याकडे बघतात. हात लावत नाहीत.

"घ्या ना, वन्सं."

"नको. माझा हात थंड आहे. दचकेल." मग वाकून बघत म्हणतात, "आईचं नाक आहे तिला."

"तुमचीच लाडकी ना ती."

"मी ओरडले नसते ना शरयू, तर तपकीर आली नसती."

"तुम्ही मुद्दाम थोडंच ओरडलात? घाबरलात. घाबरल्यावर तोंडातून खरं नावच निघतं."

"तेच तर. म्हणून मी आठपाया शिकवलं सगळ्यांना. जानकीला शिकवलं. दूधवाल्याला शिकवलं. गजा म्हणतो ना नीट?"

तेवढ्यात किनाऱ्यावरून जानकी येताना दिसते. डोक्यावर पाटी, काष्टा घट्ट, चाल नेहमीची झपाझप. पण ती जवळ येत जाते तसे तिचे हात जास्त दिसू लागतात. एक पाटीला, एक कमरेवर, आणि आणखी, आणि आणखी, सगळ्यांत हिरव्या बांगड्या. बांगड्यांचा आवाज येत नाही. वाळूवर पावलंही उमटत नाहीत.

"जानकी आज उशिरा आली," मी म्हणते.

"ती जानकी नाही," वन्सं म्हणतात. "धर मांजराला."

कुठून तरी, पाण्याच्या पलीकडून की घरातून, कुणीतरी हाक मारतं. आवाज पुरुषाचा आहे, जड, शब्द शोधत शोधत येतो आहे. को, को, असं दोनदा अडखळतो. मला तो आवाज ओळखीचा वाटतो आणि क्षणभर आनंदच होतो, की ह्यांना शब्द सापडतो आहे. किती महिन्यांनी बरोबर शब्द सापडतो आहे.

"कोळी," आवाज म्हणतो. "कोळी. कोळी."

बुंदीचं अंग ताठ होतं.

"धर," वन्सं ओरडत नाहीत, अगदी दबक्या आवाजात म्हणतात. "शरयू, धर तिला. मासळी नाहीये ती."

मी दोन्ही हातांनी बुंदीला आवळते. ती साबणासारखी निसटते आहे. वन्संचा हात माझ्या मनगटावर येतो आणि घट्ट बसतो. खरंच थंड आहे. त्या माझ्या हातावरून तिला धरताहेत, मी तिला धरते आहे, आम्ही दोघी वाकलो आहोत, आमची डोकी एकमेकींना लागताहेत, आणि पाणी गुडघ्यापर्यंत आलं आहे. वन्संच्या केसांना खोबरेल तेलाचा वास आहे.

"सोडू नकोस."

"नाही सोडत."

पण मांजर म्हणजे काही गाठोडं नव्हे. तिला जायचंच असलं की ती जाते.

मी जागी झाले तेव्हा हे आतल्या खोलीच्या दारात उभे होते, भिंतीला धरून. धड असलेला हात त्यांनी कपाटाकडे रोखला होता. चेहऱ्यावर लहान मुलासारखी फुशारकी होती. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी जे दिसलं त्याचं खरं नाव घेतलं होतं. माझ्याकडे बघून परत म्हणाले, "कोळी," आणि शाबासकीची वाट बघत राहिले. बुंदी कपाटाच्या मागे गेली होती, शेपटीचं टोक तेवढं बाहेर होतं.

मी म्हटलं, "हो. बरोबर म्हणालात."

दुसरं काय म्हणणार? त्यांनी मला सावधच करायला बघितलं होतं.

बुंदी आपली आपण बाहेर आली. ओठ फुगला होता, लाळ गळत होती. मी तिला पदरात घेऊन बसले. दवाखान्यात नेलं नाही. दिवेलागणीपर्यंत तिचे पाय गेले, आणि मग सगळंच गेलं. परसात तपकिरीला पुरलं होतं, तिच्याच बाजूला हिला पुरलं. जानकीच्या मुलानं खड्डा खणून दिला.

माझ्या डाव्या हातावर बुंदीच्या नखांचे ओरखडे होते, ते स्वाभाविक होतं. पण त्यांच्यावरून, मनगटाला वेढून, चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे वळ होते. निळे. माझा उजवा हात मी तसा लावून बघितला, बसेना. बोटं उलट्या बाजूनं आलेली होती, समोर बसलेल्या माणसानं धरल्यासारखी. हे तर दारात होते, भिंत सोडली असती तर पडले असते.

ह्यांना पुढे आणखी तीन वर्षं मिळाली. शब्द एक एक करत राहिलेलेही गेले. शेवटी 'कोळी' एवढाच उरला होता, आणि ते तो सगळ्यासाठी वापरत, पाण्यासाठी, माझ्यासाठी, देवाच्या आरतीलासुद्धा. मी त्याला ओ देत असे. बुंदीचं काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, ते मला सांगता येत नाही. जानकीचे गुडघे गेले, तिनं पाटी सुनेला दिली आणि मग स्वतःही गेली. माझ्या मुलानं कपाट विकलं. ते हलवायला चौघं आले, आणि मागची भिंत बघितली तर तिथे सिमेंट लावायचं राहून गेलेलं एकच भोक होतं, आत पांढरं मऊ अस्तर, रिकामं. घर आता भाच्याकडे आहे, त्यानं ते पाडून चिऱ्याऐवजी विटांचं बांधलं. मी मुलाकडे पनवेलला असते, चौथ्या मजल्यावर. इथल्या भिंती गुळगुळीत आहेत. सून म्हणते, आई, एखादं मांजर पाळू या का, तुम्हाला सोबत होईल. मी नको म्हणते.

मनगटावरचे वळ आधी निळे होते, मग हिरवट झाले, मग पिवळे, आणि इतर कुठल्याही वळासारखे गेले. ते जाऊ नयेत म्हणून मी काही दिवस त्या हाताला साबण लावला नव्हता. वन्सं त्यानंतर एकदाही आल्या नाहीत. दुपारी मी अजून आडवी होते, कूस रिकामी ठेवून.