दिलीपची पाकिटातली चाल

मी निवृत्त गणित शिक्षक. भुताखेतांचा विषय निघाला की चहाच्या निमित्तानं उठून जाणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

गेल्या महिन्यात, रविवारी. बिबवेवाडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बुद्धिबळ स्पर्धा, तिसरी फेरी. माझं रेटिंग साडेसतराशे. समोर वाघोलीची एक तिशीतली मुलगी, तिला रेटिंगच नाही. "काका, पहिलीच टूर्नामेंट आहे माझी. सांभाळून घ्या हं," म्हणाली. मी मनातल्या मनात पॉइंट खिशात घातला.

बाराव्या चालीला मी चमकलो. हा डाव मी खेळलेला होता — नऊ वर्षांपूर्वी, माझा मित्र दिलीप याच्याशी. तेव्हा उशीर झाला म्हणून, जुन्या स्पर्धांच्या रीतीप्रमाणे, दिलीपनं आपली पुढची चाल लिहून पाकिटात बंद केली. दुसऱ्या दिवशी ते उघडायचं होतं. पहाटे हार्ट अटॅकनं तो गेला. तेराव्याला वहिनींनी विचारलं, "शेवटचा डाव हरले का हो हे?" आणि मी ऐटीत "हो" म्हणालो. पाकीट त्यांच्याकडेच बंद राहिलं.

मी मुद्दाम त्याच चाली करत गेलो. तीही दिलीपच्याच. एकतिसाव्या चालीला पटावर पाकीट बंद झालं तेव्हाचीच स्थिती, आणि चाल तिची. वीस मिनिटं तिनं मान वर केली नाही. मग हत्तीनं माझं एच-सातचं प्यादं मारलं. चक्क फुकटचा हत्ती. मला हसू फुटलं.

"हसू नकोस, सुध्या."

आवाज तिचाच. पण मला सुध्या म्हणणारा जगात एकच माणूस होता... मी खुर्ची मागे सारून उठलो. तिनं गोंधळून वर पाहिलं. "काका, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?" आपण काही बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. पुढच्या सहा चालींत मी हरलो.

तिथून रिक्षा करून थेट स्वारगेटला, वहिनींकडे. कशासाठी ते न सांगता पाकीट उघडायला लावलं. त्यांनी कात्रीनं कड कापली, चष्मा लावला आणि वाचलं — "हत्ती, एच-सात. हसू नकोस, सुध्या."

मग मी त्यांना सगळं सांगितलं.

त्या मुलीनं दिलीपचं नावही कधी ऐकलेलं नाही. मी नंतर तिला विचारलं. डाव कुठे छापलेला नाही, पाकीट कोणी उघडलेलं नाही. सगळ्या शक्यता तपासून झाल्या, उत्तर येत नाही.

वहिनींनी मात्र यातलं काहीच विचारलं नाही. कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "तेराव्याला तुम्ही मला हरले म्हणून सांगितलं होतंत."